भावाच्या कार्डावरचा ओ

कणकवलीच्या एका खाजगी लॅबमध्ये मी रक्त तपासते. लायसन्ससाठी रक्तगट हवा म्हणून माझा थोरला भाऊ मालवणहून आला, तेव्हा त्याचं रक्त मीच तपासलं. काचेवर रक्ताचे थेंब, त्यांत एकेक औषध. ए नाही, बी नाही. गुठळ्या झाल्या नाहीत की आम्ही डोळे झाकून ओ लिहितो. मीही त्याच्या कार्डावर लिहिला.

पुढे काही वर्षांनी मासळीबाजारातच त्याला रक्ताची उलटी झाली. पोटातला अल्सर. ओरोसला दवाखान्यात हलवलं. वहिनी माझा हात धरून म्हणाली, "वन्स, तुमी आसात म्हणान माका धीर आसा." त्या वाक्याने मी फुगले, हे कबूल करते.

रक्तपेढीतली मुलगी माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. ओच्या पिशव्यांतलं रक्त ती भावाच्या रक्ताशी जुळवून बघत होती. पहिली पिशवी जुळेना, दुसरी जुळेना, तिसरीही नाही. माझा तोल सुटला.

"तुमचंच काहीतरी चुकतंय. तो ओ आहे, मी स्वतः तपासलाय. द्या ती पिशवी, मी सही करते!"

पिशवी आपल्याकडे ओढून घेत ती म्हणाली, "मॅडम, जुळल्याशिवाय नाही देणार."

मग तिने फ्रिजमधून एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क काढला. रक्ताच्या पेशींवर साखरेचे बारीक कण असतात; चहातली साखर नव्हे, वेगळ्या जातीची. ओवाल्याच्या पेशीवर नुसती पायाची साखर, ए किंवा बीवाल्यांकडे त्या पायावर आणखी एक साखर चढवलेली. बियांतलं प्रथिन ही पायाची साखर ओळखून धरतं आणि पेशींच्या गुठळ्या होतात. भावाच्या पेशी सुट्याच राहिल्या. त्याच्याकडे पायाचीच साखर नव्हती. बॉम्बे रक्तगट. वरवर तपासलं तर ओसारखाच दिसतो. पण ओचं रक्त चढवलं, की अंगातली प्रथिनं ती परकी साखर ओळखतात आणि आलेल्या पेशी फोडत सुटतात. माणूस हातचा जातो.

हा गट आई आणि बाबा दोघांकडून आला तरच मुलात उतरतो. आमचे आईबाबा मामे-आतेभावंडं. मामाची मुलगी केली की घरातलं घरात राहतं म्हणतात. ते असंही राहतं.

त्याच अर्कात माझ्या रक्ताच्या मात्र गुठळ्या झाल्या. एकाच आईच्या पोटची असून मी त्याच्या उपयोगाची नव्हते. दोन दिवस तो पांढराफटक पडून होता. शेवटी कोल्हापूरहून त्याच बॉम्बे गटाचे एक शिक्षक एसटीने आले. आमची ना ओळख ना पाळख. रक्त दिलं, चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

भाऊ वाचला. मी तिथे होते म्हणून आपण वाचलो, असं त्याला वाटतं; आता घरी कोणीही आलं की तो मला पुढे करतो. "माज्या ह्या भयणीन माका वाचयल्यान," म्हणतो. वहिनी डोळे पुसते. मी मान खाली घालून ऐकून घेते.

त्या मुलीने माझं ऐकलं असतं, तर भावाला मी मारलं असतं, तेही सही करून. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.