कपाट्याचे दोनच प्रश्न

एकनिष्ठ माणसाचं कौतुक लांबून करावं. जवळ जाऊन पाहिलं की डोकं फिरतं. आमच्या कपाट्याला ज्यांनी ज्यांनी जवळून पाहिलं, त्या सगळ्यांचं कधी ना कधी फिरलेलं आहे. त्याच्या आईचं तर रोज सकाळी, चहाच्या वेळेला.

कपाट्या सामान हलवायचा. मामाचा टेम्पो, मामाचे दोर आणि कपाट्याची पाठ, असा तो धंदा. काम फार छान करायचा, यात वाद नाही. जड सामान आधी, केबिनच्या बाजूला. आरसा दोन गाद्यांच्या मध्ये. शेगडी आणि चहाची भांडी सगळ्यात शेवटी चढवायची, म्हणजे उतरवताना ती पहिली हाताशी येतात आणि दमलेल्या बाईला नव्या घरात आधी घोटभर चहा मिळतो. हे सगळं मामानं शिकवलेलं. धंद्याचा एक नियमही मामानंच शिकवला होता. "गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारायचे. कुठून आणि कुठं. का जाताय, हे विचारायचं नाही. कुणाचं भांडण झालेलं असतं, कुणाचं माणूस गेलेलं असतं. आपल्याला काय करायचंय?" नियम चांगलाच होता. कपाट्यानं तो धंद्यापुरता ठेवला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

ती आणि तिचे आईवडील दुसऱ्या देशातून इथं आले, तेव्हा त्यांचं पहिलं बिऱ्हाड यानंच लावलं. बेकरीच्या वरची खोली, अरुंद जिना आणि कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेलं लोखंडी कपाट. जिन्याच्या वळणावर ते कपाट असं अडकलं की पुढेही जाईना आणि मागेही येईना. खाली पाठीवर भार घेऊन हा, वरच्या पायरीवर ती. मामा माणसं आणायला गेला, तो चांगला तासाभरानं उगवला. तेवढ्या वेळात तिनं याच्याकडून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, जड, हळू असे शब्द शिकून घेतले, आणि वाकून वाकून तोंड लाल झालेल्या या प्राण्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. त्या दिवसापासून सगळे याला कपाट्या म्हणायला लागले, आणि त्याच दिवसापासून हा कामातून गेला.

ती पुढे एका चष्म्याच्या दुकानात काम शिकायला लागली. भिंगं घासायची, काड्या बसवायच्या, डोळे तपासायला मालकिणीला मदत करायची. गल्लीत तिला चष्मेवाली म्हणत, जरी तिला स्वतःला चष्मा नव्हता. घरात इथली भाषा येणारी ती एकटी. वडील तिकडे शाळेत शिक्षक होते, इथं बुटांचे तळवे चिकटवायचे. आई शिवणकाम करायची. डॉक्टरकडे, कचेरीत, घरमालकाकडे, कुठंही जायचं तर बोलायला ही हवी. आणि हिच्या मागे कपाट्या हवाच. कचेरीत पहाटेपासून रांगेत नंबर धरून उभा राहणारा कपाट्या. गळका नळ दुरुस्त करणारा कपाट्या. घर बदलायचं म्हटलं की हजर कपाट्या. बेकरीवरून स्टेशनमागे, स्टेशनमागून पुलापलीकडे. दर वेळी ती याच्या घरापासून आणखी लांब जायची, आणि दर वेळी तिला लांब नेऊन सोडणारा हाच.

"तिला काही बोललास का?" त्याची आई चहा गाळता गाळता विचारायची.

"काय बोलायचं?"

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस मेल्या! बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

"तिला आधीच काय कमी ताप आहेत? त्यात माझी भर कशाला?"

हे त्याचं ठरलेलं उत्तर. वरवर पाहता किती समजूतदार! खरं सांगायचं तर त्यात निम्मा समजूतदारपणा होता आणि निम्मी भीती. पण भीतीला समजूतदारपणाचे कपडे घातले की ती चारचौघांत बरी दिसते, आणि कपाट्याला ती तशीच बरी वाटायची.

एकदा तिनं सरावासाठी याचे डोळे तपासले. खुर्चीत बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता, आणि चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ती. एकेक भिंग बदलत विचारायची, "आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?"

"दोन्ही बरं."

"दोन्ही कसं बरं असेल? नीट बघ. हे, की हे?"

"तुला जे योग्य वाटेल ते."

"अरे, डोळे तुझे आहेत! मला कसं कळणार?"

पण हा तक्त्याकडे बघतच नव्हता, तर सांगणार काय? शेवटी तिनं वैतागून अंदाजानं नंबर लिहिला आणि स्वतःच्या हातानं चष्मा करून दिला. नंबर चुकलेला होता. डोकं ठणकायचं, जिन्याच्या पायऱ्या हलल्यासारख्या वाटायच्या, तरी या पठ्ठ्यानं तो चष्मा महिनोन्‌महिने वापरला. तिनं केलेला होता ना! तिला कळलं तेव्हा ती हसली नाही. चष्मा काढून घेतला आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. तिला राग का आला, हे कपाट्याला कळलं नाही, आणि नेहमीप्रमाणे त्यानं ते विचारलंही नाही.

मग बातमी आली की तिच्या वडिलांच्या चुलतभावानं दूरच्या एका शहरात त्यांच्यासाठी चांगलं काम पाहिलंय. जाण्याचं ठरलं. तिच्या परीक्षेला मात्र अजून वर्ष होतं, आणि दुकानाच्या मालकिणीनं सांगितलं, "तुला राहायचं असेल तर दुकानावरची खोली रिकामी आहे. पण लवकर सांग, मला ती अडवून ठेवता येणार नाही." वडील म्हणाले, मुलगी मोठी आहे, तिचं तिनं ठरवावं. हे सगळं तिच्या आईनं कपाट्याला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं आणि पुढे त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बिचारी बाई आणखी काय करणार?

कपाट्या रात्रभर तळमळला. ती राहिली तर? सकाळी उठून हिला सांगावं की राहा, माझ्यासाठी राहा, मला तू हवी आहेस. पण आईबापांपासून मुलीला तोडणारे आपण कोण? तिचं ठरेपर्यंत मध्ये पडू नये. निदान आपल्यामुळे तिची गैरसोय तरी होऊ नये. म्हणून मग त्यानं काय करावं? चांगला सामानवाला जे करतो तेच. आठवडाभर आधी रिकामी खोकी नेऊन दिली. वर हसून म्हणाला, "भांड्यांसाठी जाड खोकी आणलीत. काही फुटणार नाही बघ."

तिनं खोक्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

निघायच्या दिवशी आईवडील सकाळच्या बसनं पुढे गेले. सामान टेम्पोत, आणि रस्ता विचारायला, कागद दाखवायला म्हणून ती कपाट्याच्या शेजारी. अख्खा दिवस दोघंच. इतकी वर्षं ज्या संधीसाठी झुरला, ती आयती शेजारच्या सीटवर येऊन बसली होती. आणि हा काय बोलला? "काच वर करू का? वारा लागतोय?" बरंच अंतर गेल्यावर, "पाणी हवंय?" त्यानंतर मूग गिळून बसला, तो पेट्रोल पंप येईपर्यंत.

पंपावर तो डिझेलचे पैसे देऊन परत आला, तर ती खाली उतरून उभी होती. डोळे लाल.

"काय झालं?"

"काही नाही! तुझं कधी काही झालंय का, की माझं होईल?" ती एकदम कडाडली. "दर वेळी आलास, बांधलंस, उचललंस, सोडलंस. एकदा तरी विचारलंस, तुला जायचंय का म्हणून?"

"मला वाटलं, तू ठरवशील..."

"मी ठरवतच होते! आईला सोडून राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? तिला डॉक्टरकडे कोण नेणार, तिच्या वतीनं बोलणार कोण? एवढं सगळं सोडायचं, तर इथं माझं कुणी आहे का, हे तरी मला कळायला नको? मालकिणीला मी उत्तर दिलं नव्हतं. तू काहीतरी म्हणशील म्हणून थांबले होते. आणि तू खोकी घेऊन आलास. जाड खोकी! त्याच दुपारी मी तिला नाही म्हणून सांगितलं."

पंपावरचा माणूस झाकण लावायचं सोडून ऐकत उभा होता, तिकडे कपाट्याचं लक्षच नव्हतं.

"मग... गाडी वळवू?"

"आता? आई तिकडे रिकाम्या खोलीत बसलीय. गाद्या तुझ्या गाडीत आहेत. आणि ती खोली मालकिणीनं दुसऱ्या मुलीला दिली." तिनं डोळे पुसले. "वरातीमागून घोडं. चल, उशीर होतोय."

उरलेला रस्ता त्यानं कसा कापला, ते त्याचं त्यालाच माहीत. राग कुणावर काढायचा? मामावर? नियमावर? नियम काय, त्यानं थोडाच याच्या तोंडावर हात ठेवला होता?

नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. कपाट्यानं एकट्यानं सगळं वर चढवलं. घामानं निथळत तो शेवटचं खोकं ठेवून सरळ झाला, तेव्हा तिच्या वडिलांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शब्द जुळवत जुळवत ते म्हणाले, "तू... मला... मुलासारखा."

झालं! इतक्या वर्षांच्या हमालीचं हे फळ. म्हणजे हिचा भाऊ! कपाट्याच्या आत काहीतरी तडकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "काका, मला मुलासारखा म्हणू नका! मला... मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. तुमची परवानगी आहे का?"

वडिलांना सगळे शब्द कळले नव्हते. त्यांनी सवयीनं मुलीकडे पाहिलं, ती समजावून सांगेल म्हणून. आणि ती समजावून सांगायच्या ऐवजी खोक्याला लाथ मारून ओरडली, "परत तेच! अरे, त्यांना काय विचारतोस? मला विचार! इथं उभी आहे ना मी?"

हा तिच्याकडे वळला. लग्नाचं पुन्हा बोलायची हिंमत होईना. मग कसंबसं, अगदी लहान आवाजात विचारलं, "तुला इथं राहायचंय का?"

"नाही."

एवढा एक शब्द बोलून ती रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळानं चेहरा पुसून ती म्हणाली, "पण आता राहणार. आईला इथली भाषा येईपर्यंत. तिला मी शिकवीन. मग परीक्षेला येईन."

"मी येतो ना घ्यायला," कपाट्या घाईघाईनं म्हणाला. "टेम्पो घेऊन..."

"नको! टेम्पो आणायचा नाही. मी बसनं येईन. माझी पेटी मी उचलीन."

"आणि मग? आल्यावर?"

तिनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. रागच होता नजरेत, दुसरं काही असलंच तर त्याला ते दिसलं नाही.

"ते मी आल्यावर विचार," ती म्हणाली. "मी सांगेन असं नाही. पण विचार."

कपाट्यानं मान हलवली, दोर गुंडाळले आणि जिना उतरला.