पद्मावतीची खाऱ्या पाण्यावरची वांगी

मला लिहायची सवय नाही. एस.टी.त तीस वर्षं वाहक होतो, तिथेही लिहिलं ते फक्त तिकिटांचा हिशेब ठेवायच्या वेबिलात. तेव्हा हे नीट जमेल असं नाही. पण माझी बायको पद्मावती हिने वांग्यांचं जे केलं, ते आठवतं तसं सांगतो.

२००५ च्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला आणि आमच्या विहिरीत खारं पाणी शिरलं. दिवाळीत ते जेमतेम मचूळ लागे, पण उन्हं चढतील तसं खारट होत जाणार हे दिसत होतं. पद्मावती चाळीस वर्षं इथली वांगी मालवणच्या बाजारात विकत आलेली. मुलगा सर्वेश सावंतवाडीत असतो. तो म्हणाला, आता घर बंद करा आणि माझ्याकडे या. हिने त्याला सांगितलं, शिमग्याला ये, झाडांना वांगी नसली तर त्याच दिवशी तुझ्याबरोबर निघते. मला कोणी विचारलं नाही.

रोपं वीतभर झाली आणि हिने त्यांना खारं पाणी पाजायला घेतलं. पहिल्या दिवशी कळशीभर पाण्यात नारळाची एक करटी भरून खाडीचं पाणी. चार दिवसांनी दोन, मग तीन. पानं कडेने करपली, रोपांनी माना टाकल्या. शेजारच्या जुलियानाबायची विहीर उंचावर, म्हणून अजून गोड्या पाण्याची होती. तिने विचारलं, ही वांगी करतेस की वांग्यांचं लोणचं? मी भीत भीत म्हटलं, मरतील गो ती.

"पुढे ह्याच पाणी पिऊचा आसा," पद्मावती म्हणाली. "आत्ताच शिकांदेत."

मला बघवेना. ती बाजाराला गेली की मी जुलियानाबायकडून दोन-तीन कळशा गोडं पाणी आणून कुंपणाकडच्या वाफ्याला घालायचो, मीठ धुऊन जाईल इतकं. महिन्याभरात तो वाफा असा तरारला की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. पद्मावतीही तिथे उभी राहून बघायची. मला वाटलं, खूश आहे. तिची रोपं बुटकी, पानं लहान आणि जाड. शेतीतलं मलाही थोडं कळतं, असं वाटू लागलं होतं.

जानेवारीत जुलियानाबाय फाटकाला कुलूप लावून मुलीकडे गोव्याला गेली. आमची विहीर तोवर चांगलीच खारट झालेली. माझा वाफा आठ दिवसांत वाळला. बुटकी रोपं मात्र तेच पाणी पिऊन फुलावर आली.

शिमग्याला सर्वेश आला. कुंपणाशी वाळलेला वाफा पाहून त्याने थेट बांधाबांधीचंच बोलायला सुरुवात केली. हिने त्याला आत नेऊन लहान, काळीभोर वांगी दाखवली. त्याने विचारलं, दोन्हीकडचं बी वेगळं होतं का?

"बी एकच, झिला. ह्यो वाफो माझो, त्यो तुज्या बापाशीचो. चोरून गोडा पाणी पाजल्यान."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जुलियानाबाय तिला विचारूनच मला पाणी देत होती. मग अडवलं का नाहीस, एवढंच मला विचारता आलं.

"झिलाक दाखवूक कायतरी होया होता," ती म्हणाली. मग वाळलेल्या वाफ्याकडे बोट करत सर्वेशकडे वळली. "आता सांग, सावंतवाडीचा पाणी गोडा मा?"

सर्वेश दोन किलो वांगी घेऊन एकटाच परत गेला. फाटकाशी त्याने हळूच विचारलं, बाबा, तुम्ही तरी येता का? मी नाही म्हटलं. वांग्यांना पाणी घालायची वेळ झाली होती, आणि कळशी आता तिच्यासमोर भरायची होती.