मोसंबीच्या मागे घोडदळ

आमच्या घराण्यात घोड्यावर बसलेला पहिला माणूस मी. तोही स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हाही लगाम घोडीवाल्याच्याच हातात होता. असं असूनही गेली कित्येक वर्षं मी घोडदळाचा अभ्यासक आहे.

हा नाद मला लागला यात दोष माझा नाही, जालन्याचा आहे. एकेकाळी इथं घोडदळाची छावणी होती. आता सळयांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या भट्ट्यांसाठी कुठून कुठून ट्रक भरभरून भंगार येतं. त्या ढिगाऱ्यात कधी एखादी रिकीब सापडते (स्वाराचा पाय ठेवायची लोखंडी कडी), कधी गंजका लगाम, तर कधी फेट्यावर लावायचा पितळी बिल्ला. बँकेतून सुटलो की मी भंगारवाल्यांकडे चक्कर मारायचो आणि मिळेल ते पिशवीत घालून घरी आणायचो. शोभा, म्हणजे आमच्या सौ., दारातच उभी असायची.

"सगळं जालना भंगार वितळवून सळया करून राह्यलं, अन् तुम्ही वितळायला चाललेलं भंगार घरात आणून राह्यले!"

"भंगार न्हाई ते. इतिहास हाय."

"मंग इतिहासाला आधी आंघोळ घाला. गंज सांडून राह्यला फरशीवर."

मागच्या खोलीत मी या वस्तू रीतसर मांडल्या होत्या. प्रत्येकीखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. 'रिकीब, बहुधा रिसाल्यातली.' 'बिल्ला, बहुधा दफेदाराचा.' 'लगाम, बहुधा घोड्याचा.' (यात 'बहुधा' कशाला, असं शोभानं विचारलं. संशोधकाला घाई करून चालत नाही, असं मी उत्तर दिलं.) आणि मधोमध, भिंतीवर, माझ्या काळजाचा तुकडा : म्यानासकट घोडदळाची तलवार. लांबीला चांगली माझ्या कमरेच्या वर येणारी आणि धारेला अशी, की तिनं लोणी कापायचं तर दोन्ही हातांनी दाबावं लागेल.

पाहुणे आमच्याकडे चहा फार गरम प्यायचे. गार होईपर्यंत थांबलं तर मागच्या खोलीत जावं लागतं, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत झालं होतं. माझा हक्काचा श्रोता एकच, मुलगा अक्षय. तो लहान असताना मी त्याला सोफ्याच्या हातावर बसवायचो, दोन बाजूंना दोन रिकिबी बांधायचो (एक मोठी, एक लहान, जोडी कधी मिळालीच नाही) आणि ओरडायचो, "गुडघे आवळ! टाचा खाली!" पोरगं तासन्‌तास सोफा पळवायचं. शेवटी सोफ्याचा हात निखळला. त्यानंतर शोभा माझ्याशी कितीतरी दिवस फक्त अक्षयमार्फत बोलत होती.

तर या अक्षयचं लग्न ठरलं. मुलगी वाटूरची, नाव पल्लवी. व्याह्यांची मोसंबीची मोठी बाग. सगळं छान जुळलं आणि शोभानं मला समोर बसवलं.

"सून यायच्या आत ती खोली मोकळी पाहिजे."

"अन् संग्रह?"

"आला तिथं जाईल. भट्टीत."

मी दोन घास कमी जेवलो. काही फरक पडला नाही.

पण देव संशोधकांच्या पाठीशी असतो. आमच्या भावकीत नवरदेवाची कट्यार एकच, ती कुंभार पिंपळगावला चुलतभावाकडे असते आणि ज्याच्या घरी लग्न त्याच्या घरी जाते. हळद लागली की नवरदेवानं ती हातात धरायची, टोकाला लिंबू टोचायचं आणि अक्षता पडेपर्यंत खाली ठेवायची नाही. हळदीच्या दिवशी सकाळी चुलतभावाचा फोन आला.

"अरे, कट्यार न्हाई देता येत. आमच्या पोराचाबी तोच मुहूर्त हाय ना!"

एक कट्यार, दोन नवरदेव! अंकुशनगरहून आलेली माझी थोरली बहीण, आक्का, हिनं डोक्याला हात लावला. "बिनकट्यारीचा नवरदेव! असं कधी झालं न्हाई आपल्यात."

मी घसा खाकरला. "आपल्याकडं तलवार आहे की."

शोभानं पदर खोचला. मग म्हणाली, "ठीक हाय. तुमच्या भंगाराचा एकदा तरी उपयोग होऊ द्या. लग्न नीट पार पडलं तर खोली तुमची. पण काही झालं ना, तर रिकीबसुद्धा ठेवणार न्हाई!"

"बिलकुल कबूल!" मी म्हणालो. तलवार काढायला लगेच भिंतीकडे गेलो. माझी खोली आता त्या तलवारीच्या टोकावर होती.

पहिली अडचण, तलवार म्यानातून निघेना. मी मूठ धरली, अक्षयनं म्यान धरलं, दोघांनी ओढलं. ती निघाली तेव्हा मी जाऊन थेट हळदीच्या परातीत बसलो. (त्या दिवशी नवरदेवाआधी हळद मला लागली, आणि तीही नको तिथं.) दुसरी अडचण लिंबाची. कट्यारीचं टोक नाजूक असतं, हिचं चांगलं रुंद. लिंबू टोचलं की दोन फोडी! चार-पाच लिंबं अशी कामी आल्यावर आक्का वैतागली आणि फळांच्या टोपलीतली मोसंबी उचलून तिनं खच्चकन तलवारीला खोचली.

"आक्का, मोसंबी?"

"लिंबाची थोरली बहीणच हाय ती. काही होत न्हाई. अन् अक्षय, ऐक, खाली ठेवायची न्हाई!"

अक्षयनं ती खाली ठेवली नाही. जेवताना ठेवली नाही, न्हाणीघरात जातानाही नाही (दार लागत नव्हतं, बाहेर मी पाठ करून पहारा दिला). दुसऱ्या दिवशी वाटूरला निघालो तर तलवार गाडीत मावेना. शेवटी खिडकीतून बाहेर काढली. वाऱ्यात हात बाहेर, हातात तलवार, टोकाला मोसंबी. मागच्या गाड्यांना वाटायचं आम्ही उजवीकडे वळतोय. बिचाऱ्या थांबून थांबून येत होत्या. वाटूर फाट्यावर तर समोरून आलेला ट्रकवाला खाली उतरून नमस्कार करून गेला.

तिथं परण्यासाठी घोडी तयार होती. म्हणजे नवरदेवानं घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला जायचं आणि मग मांडवात. घोडीचं नाव बिजली, घोडीवाला चाँदभाई. मी अक्षयला डावीकडूनच चढवलं. "घोडदळात डावीकडूनच चढतात," मी चाँदभाईला समजावलं, "कारण तलवार डाव्या बाजूला लटकते."

"पर साब, तलवार तो उनके हात में है."

मी विषय बदलला. घोडी शहाण्यासारखी देवळापर्यंत गेली, बँड वाजला, पोरं नाचली. सगळं नीट चाललं होतं. इथं मी गप्प बसलो असतो तर ही हकिकत लिहायचं कारणच नव्हतं. पण मी अक्षयला आदल्या दिवशी घोडदळाची सलामी शिकवली होती : मूठ ओठांजवळ न्यायची आणि तलवार झोकात पुढे खाली आणायची. मारुतीला स्वाराची सलामी! मला राहवेना.

"अक्षय! सलामी दे!"

पोरगं आज्ञाधारक. मूठ ओठांना लावली, तलवार झोकात खाली आणली, आणि मोसंबी बिजलीच्या नाकासमोरून गेली.

बिजलीनं मान पुढे टाकली. अक्षय घाबरला, त्यानं मोसंबी वाचवायला हात आणखी पुढे लांबवला. मोसंबी हातभर पुढे गेली. बिजली हातभर पुढे गेली. मोसंबी पुन्हा पुढे. मग बिजलीनं चाँदभाईच्या हातातला दोर हिसकला आणि ती निघालीच!

"अरे या अल्ला!" चाँदभाई धावत सुटला. "बाग की पडेली मोसंबी खाके बडी हुई है वो! मोसंबी हटाव रे!"

"तलवार टाकून दे!" शोभा किंचाळली.

"खाली ठेवू नको!" आक्का किंचाळली.

"गुडघे आवळ! टाचा खाली!" हा मी.

पोरानं कुणाकुणाचं ऐकावं? त्यानं आत्याचं आणि बापाचं ऐकलं. मी जिवाच्या आकांतानं मागे पळत होतो, धोतर एका हातात, श्वास कुठेच नाही, आणि मनात एकच, हा पडला तर मी शोभाला काय तोंड दाखवू. पण खोटं कशाला सांगू, त्याही अवस्थेत मला दिसलं : हात सरळ, तलवार पुढे रोखलेली, अंग घोडीच्या मानेवर झुकलेलं. हल्ला करणाऱ्या घोडदळाची बिनचूक बैठक! माझे डोळे भरून आले. (दम लागल्यानंही असेल.)

बँडवाल्यांना वाटलं नवरदेवाला घाई झालीय. तेही वाजवत पळत सुटले, ताल आपोआप जलद झाला. मांडवाच्या दारात व्याही हार घेऊन उभे होते. समोरून तलवार रोखून जावई भरधाव येतोय हे पाहून ते हलले नाहीत, उलट शेजाऱ्याला म्हणाले, "जालन्याची पद्धत असंल!" आणि घोडी अंगावर आल्यावर हारासकट बाजूला उडी मारली. बिजली खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ बोहल्यापर्यंत गेली. मराठवाड्यात मुहूर्ताच्या आधी मांडवात पोचलेला हा पहिलाच नवरदेव असावा.

गलका ऐकून पल्लवी खोलीतून बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली, एका हातात हिरवा चुडा भरलेला, दुसरा अर्धा. तिनं एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"अहो, हात वर करा की!"

अक्षयनं तलवार आभाळाकडे केली. मोसंबी दिसेनाशी झाली आणि बिजली जागच्या जागी थांबली. पल्लवीनं बोहल्याच्या पायरीवर चढून त्याला तलवार बाजूला कलती करायला लावली, मोसंबी उपसून काढली, सोलली आणि बिजलीला भरवली.

"आता तलवारीला काय लावायचं गं?" धापा टाकत पोचलेल्या आक्कानं विचारलं.

व्याही हार झटकत पुढे आले. "मोसंबीला काय तोटा हाय आमच्याकडं? क्रेट आणू का?"

लग्न लागलं. मुहूर्त साधला. पण 'काही झालं तर' ही अट शोभानं घातली होती, आणि जे झालं त्याला 'काही' म्हणणं फारच कमी होतं. घरी आल्यावर मी निमूट गोणी घेऊन मागच्या खोलीत गेलो. बिल्ले भरले, लगाम भरला. रिकिबी उचलल्या तेव्हा दारात शोभा उभी होती.

"त्या ठेवा," ती म्हणाली.

"का?"

"पोरगं पडलं न्हाई." ती रिकिबींकडे बघत म्हणाली. "सगळ्या वाटूरातून उधळत गेलं, पण पडलं न्हाई. तुम्ही त्या सोफ्यावर बसवून शिकवल्तं म्हणून." मग तिनं डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सोफ्याचा हात मात्र भरून द्या."

मी बिल्ले पुन्हा एकेक करून मांडले.

खोली राहिली. आता पाहुणे चहा गार करून पितात आणि आपण होऊन विचारतात, "ती मोसंबीवाली तलवार कुठंय?" रिसाल्याचं, बिल्ल्यांचं कुणी विचारत नाही. परवा मी तलवारीखाली पाहिलं, तर माझी चिठ्ठी जाऊन तिथं सूनबाईच्या सुबक अक्षरातली नवी चिठ्ठी लागली होती :

'घोडदळाची तलवार. जालना जिल्ह्यातल्या शेवटच्या घोडदळ हल्ल्यात वापरलेली. हल्ल्याचं कारण : मोसंबी. हुकूम देणारे : आमचे सासरे.'

आणि खाली कंसात, शोभाच्या अक्षरात : '(यात "बहुधा" नाही.)'