धोबळे आणि अठरा वह्या

धोबळे बाटलीवरच्या लेबलावर कधी विश्वास ठेवत नसत. नागपुरातल्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो, तिथल्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. कपाटातून बाटली काढली की आधी उजेडात धरत, हलवत, थेंबभर तपासत. "लेबल मानूस लावते सर, अन् मानसाले घाई रायते," म्हणत. कन्हानहून पहिल्या बसने येत आणि मी पोचेपर्यंत ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजायच्या नळ्या, धुऊन उलट्या टांगलेल्या असत.

संशय माझ्याही अंगात होता, पण तो माणसांवर. मुलं पुस्तकातून उत्तर उचलतील म्हणून बाटल्यांवर मी फक्त 'अ' आणि 'ब' लिहायला लावायचो. आत काय आणि किती तीव्र, ते माझ्या चिठ्ठीवर असे. चिठ्ठी फक्त धोबळ्यांकडे जाई.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी प्रयोग होता पोटॅशियम परसल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइडचा. दोन्ही द्रावणं सारख्या तीव्रतेची मिसळायची, दर दहा मिनिटांनी किती आयोडीन सुटलं ते मोजायचं आणि त्यावरून अभिक्रियेची ऑर्डर काढायची, म्हणजे तीव्रतेनुसार वेग कसा बदलतो ते ठरवायचं. उत्तर दोन यायला हवं. सकाळी धोबळे चिठ्ठी घेऊन आले.

"सर, 'ब'मंदी आयोडाइड दहापट काहून? मागच्या साली इतकं नोहतं."

"लिहिलंय तेवढं करा, धोबळे."

अठरा मुलांच्या अठराही वह्यांत उत्तर एक आलं. आधीच्या आठवड्यात दुसरा प्रयोग झाला होता, त्याचं उत्तरही 'एक' हेच होतं. अठरा जण सारखेच कसे चुकतील? धोबळ्यांनी त्या प्रयोगाचे जुने आकडे मुलांना वाटले, असं मी ठरवून टाकलं. मुलांसमोर, सहकाऱ्यांसमोर त्यांना लबाड म्हटलं.

"म्या बाटल्या देल्ल्या सर. आकडे पोरायनं मोजले. चिठ्ठी पाहा ना."

ती त्यांच्या हातातून घेऊन मी न वाचताच कोटाच्या खिशात घातली.

आठवड्यात त्यांची बदली सायकल स्टँडवर झाली. जाता-येता कोणी ओरडे, "का गा धोबळे, आज कोनाले पास केलं?" ते मान वर न करता सायकली रांगेत लावत राहत.

महिन्याभराने कोट धुवायला टाकताना चिठ्ठी हाती आली. ०.०५च्या जागी मी ०.५ लिहिलं होतं. आयोडाइड इतकं जास्त असलं की ते कमी झाल्याचं जाणवतच नाही. वेग एकट्या परसल्फेटप्रमाणे उतरत जातो आणि ऑर्डर एक येते. अठरा जणांचं उत्तर सारखं होतं, कारण अठराही जणांनी खरं मोजलं होतं. मी चिठ्ठी जाळली. विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे गेलं होतं. दुसरं कारण नव्हतं.

धोबळे स्टँडवरूनच निवृत्त झाले. गेल्या महिन्यात मी कन्हानला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळलं की ते दोन वर्षांपूर्वीच वारले. त्यांच्या पत्नीने मला ओळखलं. दार अर्धंच उघडलं.

"काहून आले?"

मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं.

"मले काहून सांगून राहिले, सर? माह्या मानसानं लबाडी नाई केली, हे मले माईतच होतं. ज्यायच्यासमोर म्हटलं, त्यायले सांगा."

ती अठरा मुलं आता पन्नाशीच्या पुढे असतील. पत्ते माझ्याकडे नाहीत, म्हणून इथे लिहितो. धोबळ्यांनी द्रावण चिठ्ठीबरहुकूम केलं होतं, आणि करण्याआधी मला विचारलंही होतं. तुमची उत्तरं बरोबर होती. लाल शाईने खोडली ती मी.