कोळेकर सरांची हार्ड डिस्क

कोळेकर सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "मॅडम, ती पर्स उचला."

मी त्याच सकाळी साताऱ्याहून एसटीने सांगलीत उतरले होते. विश्रामबागेतल्या कॉलेजात संगणक शिकवायला माझी नेमणूक झाली होती, आणि अख्ख्या कॉलेजात धड चालणारा संगणक एकच, तोही भूशास्त्र विभागात. त्या खोलीत शिरून मी पर्स टेबलावर टाकली, जरा जोरातच टाकली असेन. खुर्चीतला उंच, सावळा, जाड भिंगांचा माणूस माझ्याकडे न बघता हे वाक्य बोलला. मी पर्स उचलली. मग त्यांनी संगणकाच्या खोक्यावरच्या लाल दिव्याकडे बोट केलं. "हा दिवा लुकलुकतोय तवर आत लिहिणं चालू हाय. तवर टेबलाला हात न्हाई लावायचा. संगणक शिकवणार न्हवं तुमी?"

मला त्यांचा राग आला. पुढे कळलं, या माणसाचा राग येणाऱ्यांत मी एकटी नव्हते. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनाच तो येत असे, आणि सरांना त्या सगळ्यांचा.

सर जत तालुक्याच्या कोरड्या भागातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील कळप घेऊन पाण्याच्या मागे फिरायचे. कॉलेजात शिकलेले घरातले हे पहिले. वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. राग आला की गावची बोली वर यायची, आणि राग दिवसातून चार वेळा यायचा.

त्यांचं खरं काम कॉलेजाबाहेर होतं. दर महिन्याला विद्यार्थ्यांना घेऊन ते जत आणि आटपाडीकडे जायचे आणि विहिरींचं पाणी मोजायचे. दोराला वजन बांधून खाली सोडायचं, पाण्याला टेकलं की दोर धरायचा, वर घेऊन मापायचा. प्रत्येक विहिरीचा एक मोठा कागद. त्यावर विहिरीचं चित्र, आसपासच्या जमिनीचा नकाशा आणि महिन्यामहिन्याचं माप. हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं, कुणी सांगितलेलं नसताना. मी एकदा विचारलं, यातून काय निघणार. ते म्हणाले, "आज विहिरीत किती पाणी हाय ते कुणीबी उद्या जाऊन मोजंल. गेल्या वर्षी किती व्हतं ते उद्या कुणाच्या बापाला मोजता येणार न्हाई. म्हणून आज मोजायचं."

ते कागद आम्ही दोघांनी स्कॅनरवर घालून संगणकात घेतले. एकेक कागद म्हणजे एवढं मोठं चित्र, की फ्लॉपीवर मावायचं नाही. जे काही फ्लॉप्यांवर तोडून ठेवलं होतं, त्यातल्या निम्म्या फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी धरली. तेव्हा मूळ कागद सोडले, तर सगळं होतं ते त्या एका संगणकात. त्यावर सर स्वतः शिवलेलं जुन्या धोतराचं आवरण घालत. खोलीत खडू वापरायला बंदी होती. दसऱ्याला हेडक्लार्कनी संगणकावर हळदकुंकू वाहून पाणी शिंपडलं, तेव्हा सरांनी त्यांच्या हातातलं ताट काढून घेऊन व्हरांड्यात नेऊन ठेवलं. देवाधर्माचा अपमान केला म्हणून त्यांची तक्रार झाली. सरांनी प्राचार्यांना सांगितलं, "पंख्यातनं कुंकू आत गेलं की देव येणार न्हाई ते काढायला. मला काढावं लागंल."

पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजला तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांना स्वच्छतेची भारी हौस. सुट्टीत सर गावी असताना त्यांनी विभागातली कपाटं रिकामी करायला सांगितली. विहिरींचे कागद रद्दीत गेले. सर परत आले आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले, तेव्हा मी बाहेर उभी होते. प्राचार्य समजावणीच्या सुरात म्हणत होते, की अहो कोळेकर, आता सगळं संगणकात आहे ना, मग जुने कागद कशाला. यावर सर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता एकच प्रत ऱ्हायली, मॅडम. एकच प्रत म्हंजी काहीच न्हाई."

तेव्हापासून त्यांनी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कसाठी हट्ट धरला. आज मुलं खिशात घालून फिरतात ती नव्हे. जेवणाच्या डब्याएवढी, वजनदार, वेगळी वीज घेणारी आणि प्रिंटरच्या वायरीच्या जागी जोडायची. ती वाट मुळात प्रिंटरला अक्षरं पाठवण्यापुरती केलेली. तिच्यातून एवढी चित्रं ढकलायची म्हणजे तासन्‌तास लागणार. सर म्हणाले, "टँकर सलाइनच्या नळीनं रिकामा करायचा. होऊ दे. नळी कुणी उपटली न्हाई म्हंजी झालं." मी सुचवलं, की सगळ्या चित्रांची आवळून एकच फाईल करू, काम लवकर उरकेल. त्यावर ते उखडले. गाठोडं एक केलं की हरवतं तेही एकदमच, प्रत्येक विहीर वेगळी राहू दे, वेळ लागला तर लागू दे, असं त्यांनी मला बजावलं.

डिस्क आली. आणि प्राचार्यांनी ती आपल्या कपाटात कुलपात ठेवली. कारण महिन्याभराने संस्थेचे एक मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते तिचं उद्‌घाटन व्हायचं होतं. हे वाचून आज कुणाला हसू येईल. मला तेव्हाही आलं नव्हतं. सर रोज जाऊन डिस्क मागायचे आणि प्राचार्य रोज तारीख सांगायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तर त्याच्या आतून टकटक आवाज येऊ लागला. हार्ड डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते. सरांनी मला तिथेच थांबवलं आणि केबिनमध्ये गेले. त्या दिवशी कॉलेजने त्यांचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकला. पाहुणे यायच्या आत हे ओरडणं थांबावं म्हणूनच असेल, पण प्राचार्यांनी कपाट उघडलं. आम्ही डिस्क जोडली. चित्रं तिच्यावर उतरवायला सुरुवात झाली. आटपाडीचा विभाग आधी, मग जतचा, कारण संगणक अक्षरांच्या क्रमाने जातो. सर शेजारी बसून राहिले, तापल्या कपाळावर हात ठेवावा तसा मधूनमधून डिस्कच्या पाठीवर हात ठेवून. "गरम झालीय, पण चालंल," म्हणाले.

दुपारी मला मुलींच्या स्वागतगीताकडे बोलावलं. थोड्या वेळाने सरांनाही फाटकावर उभं राहायचा निरोप आला, सगळ्या प्राध्यापकांनी रांगेत उभं राहायचं म्हणून. सर नाही म्हणाले. दुसरा निरोप आला तो लेखी. तेव्हा त्यांनी खोलीला कुलूप घातलं, दारावर मोठ्या अक्षरांत 'आत काम चालू आहे, कृपया उघडू नये' असं लिहून चिकटवलं आणि गेले.

मांडव भूशास्त्राच्या खिडकीला लागून होता. माईकवाल्याला प्लग कमी पडला. प्राचार्यांनी ऑफिसातली दुसरी किल्ली मागवली, खोली उघडायला लावली आणि प्लगमधली संगणकाची वायर काढायला सांगितली. शिपाई दारावरचा कागद वाचून अडखळला होता, हे त्याने नंतर मला स्वतः सांगितलं. प्राचार्य त्याला म्हणाले, "दोन मिनिटांनी परत लावू." पाहुण्यांचं भाषण तासभर चाललं. विषय होता, विज्ञान आणि ग्रामीण विकास.

सर परत आले आणि दारातच थांबले. मी त्यांच्या मागे होते. संगणक पुन्हा सुरू केला. आतली डिस्क टकटकली आणि गप्प झाली, ती कायमची. बाहेरची डिस्क फिरत होती, पण तिच्यात काय कुठे आहे ते तिलाच सांगता येत नव्हतं. मला वाटलं, आता सर कॉलेज डोक्यावर घेतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी डिस्कची वायर काढली, तिचं फिरणं थांबेपर्यंत तिला हलवलं नाही, मग रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. "साताऱ्यात तुमच्या वळखीचा कुणी दुरुस्तीवाला हाय म्हणत व्हता," एवढंच बोलले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्या आवाजाची भीती वाटली.

मी ती डिस्क मांडीवर घेऊन एसटीने साताऱ्याला गेले. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. दुरुस्तीवाला भला माणूस होता. त्याने बरेच दिवस खपून एकेक फाईल वेचून काढली. आटपाडीच्या विहिरी जवळजवळ सगळ्या आल्या. सगळं एकाच फाईलमध्ये बांधलं असतं, तर त्याही आल्या नसत्या. जतच्या मात्र गेल्या, सरांच्या गावची विहीर धरून.

प्राचार्यांनी सरांकडून लेखी मागितलं, की वीज गेल्यामुळे नुकसान झालं. मलाही तेच लिहायला सांगितलं. मी नवी होते, नोकरी कायम झालेली नव्हती. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, की मॅडम त्या वेळी खोलीत नव्हत्या, त्यांना यात ओढायचं नाही. स्वतः त्यांनी काही लिहून दिलं नाही.

मग पाझर तलाव कोणत्या गावांना द्यायचे, ते ठरवणारी बैठक आली. सरांना आकडे घेऊन बोलावलं होतं. त्यांनी आटपाडीचे आकडे मांडले. जतचे कुठे आहेत, असं बैठक चालवणाऱ्या सरकारी साहेबांनी विचारलं. प्राचार्य तिथेच, पहिल्या रांगेत बसले होते. सर उभे राहून स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "जतचे आकडे होते. आमच्या प्राचार्यांनी माईकसाठी प्लग काढला, त्यात ते गेले." सभागृहात कुणीतरी हसलं. साहेबांनी आकड्यांशिवाय विचार करता येत नसल्याचं सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. सरांच्या भागातल्या एकाही गावाला तलाव मिळाला नाही.

महिन्याभरात सरांची बदली झाली. संस्थेचं एक छोटं कनिष्ठ महाविद्यालय महाबळेश्वरला होतं, तिथे भूगोल शिकवायला. थेंब थेंब पाणी मोजणाऱ्या माणसाला, पाऊस थांबतच नाही अशा गावात पाठवलं. यात कुणाला तरी गंमत वाटली असणार, याची मला खात्री आहे. ती डिस्क निकामी म्हणून नोंदवली गेली होती, म्हणून सरांना नेऊ दिली.

मी एकदा त्यांना भेटायला गेले. खोलीच्या भिंतींना ओल, पांघरुणाला कुबट वास. फक्त एक लोखंडी कपाट कोरडं, कारण त्याच्या आत सरांनी विजेचा दिवा पेटता ठेवला होता. त्यात ती डिस्क. दर आठवड्याला ते ती थोडा वेळ चालू करत. आटपाडीच्या फाइली दुसऱ्याही एका डिस्कवर घेतल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, सर, आता पुरे. ते माझ्यावर असे खेकसले, की मला बरं वाटलं. म्हणाले, "पुरे म्हणायला तुमी कोण? मी जतचं परत सुरू केलंय. अक्का मोजतीय." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सुट्टी लागली की सर गावी जाऊन तिच्याकडून मापं घेत.

पुढच्या वर्षी शिकवत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वाईला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या सांगलीच्या कॉलेजात शोकसभा झाली. कोळेकर सर मनमिळाऊ होते, असं प्राचार्यांनी सांगितलं. ते मनमिळाऊ नव्हते. तो खोटेपणा ऐकून मी उठून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून जतची गाडी धरली.

घरी अक्का एकटीच होती. पाठीत वाकलेली, कपाळ मोकळं, डोळे सरांसारखेच करडे. रडली नाही. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला घराच्या मागच्या भिंतीशी नेलं. भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या, ओळीने, खालपासून वरपर्यंत. तिला लिहिता येत नव्हतं. किती हात पाणी, तितक्या रेघा. दर पौर्णिमेची एक ओळ. शेवटची ओळ ओली होती म्हणावी इतकी ताजी. भाऊ गेल्यावरही ती विहिरीवर गेली होती.

ती म्हणाली, "त्यो म्हणला व्हता, कुणी इचारू दे न्हाईतर नको इचारू दे, मोजायचं. आमी मोजतोय. आता सांगायचं कुणाला?"

मी म्हटलं, मला सांगा.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या हातातल्या पर्सकडे, चपलांकडे, माझ्या तोंडाकडे. तिच्या नजरेत विश्वास नव्हता आणि तो नसण्याचा तिला पूर्ण हक्क होता. मग तिने सगळ्यात खालच्या, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"लिवून घ्या मग," म्हणाली. "आन्‌ ह्या खेपंला नीट जपा."