मशीनच्या पोटातली तांबडी भुकटी

मशीन बंद करायला लावलं मीच, आणि झाकणात डोकं घालून ओरडलोही मीच, "अरे, इथला दिवा लावा कुणीतरी. काही दिसत नाही."

पॉवरहाउसचे हेड मिस्त्री, कुंडलकडचे वयस्क गृहस्थ, अगदी अदबीनं म्हणाले, "लावतो की सायेब. पण त्येच्यासाठी मशीन चालू कराय पायजे."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसू ओठांच्या आत काही गेलं नाही.

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याहून सांगलीला आलो होतो तो तिथला वीज तयार करायचा मोठा संच तपासायला, तोही न खोलता. खोलायचा म्हणजे आतला फिरता गाभा साखळीच्या कप्पीनं उचलून बाहेर काढायचा, तोवर गाव अंधारात. आणि त्या ओढाताणीत तारांवरचं जुनं आवरण फुटलं तर नवं आणायचं कुठून? तो माल विलायतेहून यायचा आणि बोटी लढाईत गुंतलेल्या. म्हणून बाजूचं झाकण काढायचं, काठीला बांधलेला आरसा आत सरकवायचा, त्यावर बॅटरीचा झोत टाकायचा आणि दिसेल तेवढ्यावरून आतली तब्येत सांगायची. वैद्य नाडीवरून सांगतो तशातलाच प्रकार. फरक एवढाच, की वैद्याला रोग्याशी दोन शब्द बोलता येतात.

त्या हसण्यानंतर आपल्याला काहीतरी सापडलंच पाहिजे, असं मी मनाशी घेतलं असावं. आणि सापडलं. आरशात, तारांच्या वेटोळ्यांच्या फटीतून, तांबूस भुकटी दिसली. आम्हाला शिकवलेलं असे, की आतल्या पाचरी सैल झाल्या की लोखंड लोखंडावर घासतं आणि अशी तांबडी भुकटी पडते. तारांचं आवरण तपासायचं हातानं फिरवायचं यंत्र मी लावून पाहिलं. काटा अगदी उत्तम दाखवत होता. मी काट्यालाच दोष दिला.

मॅनेजरसाहेबांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आतून सैल झालंय. खोलावं लागणार."

साहेबांचा चेहरा उतरला. "कशानं झालं हे?"

"हयगयीनं," मी म्हणालो आणि मिस्त्रींकडे वळलो. "मशीन तापलं तरी तसंच रेटलंत ना?"

"न्हाई सायेब. तापाय लागलं की आमी लोड कमी करतो. इचारा ह्या गड्यांस्नी."

"मग भुकटी आली कुठून?"

"त्ये काय ठावं न्हाई. मी बगू का एकदा आरशात?"

"त्यात तुम्हाला काय कळणार?"

हे वाक्य माझं. एवढ्या वर्षांत याच्या जागी दुसरं एखादं बसवून पाहिलं, पण बसत नाही.

मॅनेजर म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासून येऊ नका." मिस्त्रींनी खुंटीवरचं फडकं काढलं, त्यात भाकरी अजून बांधलेलीच होती, ते काखेत मारलं आणि गेले. बाकीचे गडी मान खाली घालून उभे. हसत मात्र कुणी नव्हतं, आणि मला तेवढं बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

मॅनेजरांना वर कळवायचं होतं, म्हणून त्यांनी नमुना मागितला. मी काठीला चिंधी गुंडाळून आत फिरवली आणि बाहेर काढली. चिंधी तांबडी झाली होती. तिला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते.

उंदरानं नेले असतील म्हणावं, तर तेही तांबडे. भुकटी बोटांत चोळली. कच लागेना. वास घेतला तर हळदीचा. मी वर पाहिलं. मॅनेजर माझ्या हातातल्या चिंधीकडे बघत होते.

खंडेनवमी नुकतीच होऊन गेली होती. चालत्या मशीनची पूजा शुभ, असं मॅनेजरांचं मत, हे त्यांनीच मला हळू आवाजात सांगितलं. त्यांनी स्वतः मूठभर कुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या, आणि मशीन गार ठेवणाऱ्या पंख्यानं सगळा प्रसाद आत ओढून घेतला होता. बॅटरीच्या पिवळ्या झोतात मला ते कुंकू गंज वाटलं होतं.

साहेब मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. दार स्वतः लावलं. चहा मागवला. मी म्हणालो, "माझी चूक झाली. मशीनला काही झालेलं नाही."

"उत्तम झालं," ते म्हणाले. "मिस्त्रींना निरोप धाडतो, उद्या कामावर या म्हणून. बाकी बाहेर काही बोलायला नको. पूजेचा विषय आहे, लोक उगाच फाटे फोडतात."

मी मान डोलावली. त्यांच्याबरोबर माझ्याही फजितीवर पांघरूण पडत होतं, आणि खरं सांगायचं तर ते उबदार होतं. चहा पण चांगला होता.

सासुरवाडी सांगलीचीच. बायको दसऱ्याला माहेरी आलेली, तेव्हा रात्रीचं पान तिथेच. ती वाढत होती आणि मी सगळी हकिगत रंगवून सांगत होतो. माझ्या फजितीच्या गोष्टींना घरात नेहमीच मागणी असते. दिव्याला ती हसली. अक्षता आल्या तेव्हा हसेल म्हणून मी थांबलो, पण तिनं आमटीची वाटी खाली ठेवली.

"मिस्त्रींना बोललात ते कुठे?"

"तिथेच, मशीनपाशी. सगळे होते."

"आणि चूक झाली म्हणालात ते?"

"साहेबांच्या खोलीत."

"मिस्त्री होते तिथे?"

"ते कधीच घरी गेले होते. उद्या येतील की कामावर. नोकरी राहिली त्यांची."

तिनं पानात भात वाढला, वर तूप वाढलं, आणि म्हणाली, "उद्याची साताऱ्याची गाडी राहू द्या. सगळे कामावर आले की जा, आणि मशीनपाशी उभे राहून सांगा."