सुट्टी झाली, घरी जा

"साहब, लेबर हाथ नहीं लगाएगा," ठेकेदार राजूभाऊ म्हणाला. "सच बोलूं तो मैं भी नहीं लगाऊंगा."

आम्ही नाल्याच्या कोरड्या पात्रात उभे होतो. जुन्या पुलाचा स्लॅब काढून झाला होता, कडेचे खांब फोडून झाले होते. मधला एक तेवढा उरला होता. शेंदराने माखलेला, आणि बुडाशी हिरव्या बांगड्यांचा ढीग. छत्तीसगडहून आलेले मजूर ब्रेकर मशीन बंद करून पळसाखाली जाऊन बसले होते. त्यांना आमच्या भागात येऊन जेमतेम महिना झाला असेल. रेशनचं दुकान अजून सापडलं नव्हतं, पण पुलावरचं भूत त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मी तेव्हा बांधकाम खात्यात उपविभागीय अभियंता होतो. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. नवेगाव बांधकडून येणाऱ्या या रस्त्यावर नवा उंच पूल बांधून वाहतूकही सुरू झाली होती. जुना पाडणं एवढंच बाकी होतं. पाडायचा कशाला, असं लोक विचारतात. जुना खांब, म्हणजे आमच्या भाषेत पिअर, पात्रात ठेवला की पुरात वाहून आलेली झाडं त्याला अडकतात. पाणी वळतं आणि नव्या पुलाच्या पायाखालची माती उकरून नेतं. याला स्कावर म्हणतात. पूल पडतात ते बहुतेक यामुळेच.

आता भुताविषयी. पंचवीसेक वर्षांपूर्वी हा पूल बांधताना इमला नावाची मजूर पोरगी नाहीशी झाली होती. पुलाला बळी लागतो, म्हणून तिला मधल्या पिअरच्या काँक्रीटमध्ये गाडलं, असं अख्खा परिसर मानायचा. दिवेलागणीला ती डोक्यावर घमेलं घेऊन पुलावर दिसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "सुट्टी झाली का?" उत्तर दिलं नाही तर गाडी घसरते. म्हणून पुलावर चढताना प्रत्येक जण मोठ्याने म्हणायचा, "सुट्टी झाली, घरी जा!" मोटारसायकलवाले म्हणायचे, बैलगाडीवाले म्हणायचे, एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणायचा. लग्नाची वरात असली की नवरी पुलावरून एक हिरवी बांगडी खाली सोडायची.

गाड्या घसरायच्या हे खरं होतं. पुलाला कठडा नव्हता आणि उतारावर शेवाळ धरायचं. पण शेवाळाला कोण बांगड्या वाहणार?

मी नवीन आलो तेव्हा माझ्या जीपच्या ड्रायव्हरने पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवली होती. "साहेब, मी म्हटलं. तुमी नाई म्हटलं."

"मी नाही म्हणणार असलं काही."

"मंग बसा. माह्या घरी लेकरं हायेत."

म्हटलं. साहेब मी असलो तरी स्टिअरिंग त्याच्या हातात होतं.

तर मजूर पळसाखाली बसलेले, आणि काठावरून गावाचे सरपंच बिसेन चार माणसं घेऊन खाली उतरले. धानाची मोठी शेती असलेले गृहस्थ, बोलणं सरळ.

"साहेब, हा खांब राहू द्या. आमी इथं मंदिर बांधून राहिलो."

"नाल्याच्या पात्रात?"

"पात्रात तं पात्रात. तुमी पाडान अन् उद्या गावात काही झालं तं जबाबदार कोन?"

"आणि हा ठेवला आणि नवा पूल पडला, तर जबाबदार कोण?"

"थे तुमचं काम हाये. आमाले काऊन इचारता?"

मी कार्यकारी अभियंत्यांना, म्हणजे माझ्या साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अरे, एका खांबासाठी दंगा कशाला अंगावर घेतोस? लोकभावनेचा आदर करून राखला, असं लिही आणि मोकळा हो."

"सर, स्कावर होईल."

"होईल तेव्हा होईल. तोवर तू रिटायर झालेला असशील."

खरं सांगतो, मीही त्याच विचारापर्यंत आलो होतो. फोन खिशात ठेवतो तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. "तोडा."

एक म्हातारी बाई हातात टोपली घेऊन उभी होती. अंगाने वाळलेली, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं. सरपंचांनी कपाळाला हात लावला. "रायवंताबाई, तुमी कायले मंधात पडता?"

"त्या खांबाच्या मंधात माही पोरगी हाये," ती म्हणाली. "मी नाई पडाव तं कोनं पडाव?"

ती इमलाची आई होती. मला त्या भागात दोन पावसाळे झाले होते. भुताचे दहा प्रकार मला ऐकवले गेले होते. पण त्या भुताची आई जिवंत आहे आणि पुलापासून हाकेच्या अंतरावर राहते, हे एकाही माणसाला सांगावंसं वाटलं नव्हतं. मला त्या सगळ्यांचा राग आला.

"तुम्हाला काय पाहिजे, बाई?" मी विचारलं.

तिने आधी सरपंचांकडे पाहिलं. "आयका. साहेबानं इचारलन. एवडी वर्सं तुमी तिले बांगड्या वाहून राहिले, मले एकानं तरी इचारलं का?" मग माझ्याकडे वळली. "मले पाह्याचं हाये. असंल तं हाडं द्या. जाळीन, राख नाल्यात सोडीन. मंग माही बी सुट्टी झाली."

बाकीची माणसं जमिनीकडे बघत राहिली. शेवटी सरपंच म्हणाले, "माय म्हणते तं तोडा. आमच्या माथी नको."

आता पिअर पाडायचा एक नेहमीचा प्रकार असतो. बुडाशी फोडायचा आणि आडवा पाडायचा. लवकर होतं, डिझेल कमी जळतं. मी राजूभाऊला सांगितलं, आडवा नाही पाडायचा. वरून खाली, थराथराने फोडायचा. मलबा काठावर पसरायचा, म्हणजे आत काही असलं तर दिसेल.

"साहब, दो दिन ज्यादा लगेंगे."

"लागू दे."

"बिल में?"

"बिलाचं मी बघतो. आज हे करा."

पण मजूर उठेनात. तेव्हा रायवंताबाईने बुडाजवळच्या बांगड्या टोपलीत भरायला घेतल्या. टोपली भरली की काठावर रिकामी करायची, पुन्हा यायची. मग कमरेचा विळा काढून तिने शेंदूर खरवडायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांचे थर होते, खपल्या निघाव्यात तसे निघत होते. खालचं साधं राखाडी काँक्रीट दिसायला लागलं. ती मागे सरकली आणि मशीनवाल्या माणसाला म्हणाली, "मार बाबू. तिले लागत नाई."

तो उठला.

त्या काळच्या पिअरमध्ये लोखंड नसायचं. भरीव काँक्रीट, आणि सिमेंट वाचावं म्हणून मध्ये मोठे दगड सोडलेले. त्याला प्लम काँक्रीट म्हणतात. दगड नीट ठोकून बसवले नाहीत तर आत पोकळ्या राहतात. या पिअरमध्ये त्या भरपूर होत्या. प्रत्येक पोकळी दिसली की मशीन आपोआप थांबायचं. रायवंताबाई पुढे यायची, आत बघायची, मागे जायची. काठावर गाव जमलं होतं. कोणी भाकरी खायलासुद्धा घरी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या पोकळीत कापड दिसलं. मशीनवाला उडी मारून लांब गेला. राजूभाऊ हात जोडून काहीतरी पुटपुटायला लागला. रायवंताबाईने पोकळीत हात घातला आणि कापड ओढून बाहेर काढलं. तागाचं होतं. पूर्वी सिमेंट तागाच्या पोत्यातून यायचं, त्यातलं एक बारदान आत राहून गेलं होतं. तिने ते झटकलं, उलटंपालटं केलं.

"इमलाच्या अंगावर लाल लुगडं होतं," ती म्हणाली आणि बारदान घडी करून बाजूला ठेवलं.

संध्याकाळच्या आत आम्ही पायापर्यंत पोचलो. पायाही उकरला. खाली खडक लागला. काही नव्हतं.

"बरं झालं," सरपंच म्हणाले. "म्हंजे बळी-बिळी काही नव्हता. गावावरचा डाग गेला." लोक पांगले. काही जण चक्क हिरमुसले होते.

रायवंताबाई मलब्याजवळ बसून राहिली. मी तिच्यापाशी गेलो. जे मनात होतं तेच विचारलं. "बाई, पुलाने घेतली, असं सगळ्यात आधी कोणी म्हटलं होतं?"

"मुनशीनं." मुनशी म्हणजे ठेकेदाराचा कामावरचा माणूस, हजेरी घेणारा. "त्या दिशी दुपारी त्यानं तिले सिमेटच्या गोदामाकडं बलावलन. बायांनी जाताना पाह्यलं. येताना कोनं नाई पाह्यलं. मी सांजंला गेली तं थोच सांगाले लागला, का पुलानं घेतलन. काँकिरीट ओलं होतं. पोरगी गेली म्हने आत. ठानेदार म्हने, पराली असंल कोनासंगं. गाव म्हने, पुलानं घेतलन."

आणि त्यानंतर गावाने दुसरं काही विचारलंच नाही. ती कुठे आहे याचं उत्तर त्यांना मिळालं होतं. मुनशी ठेकेदाराबरोबर निघून गेला, आणि त्याने रचलेली गोष्ट मागे राहून पंचवीस वर्षं बांगड्या घेत बसली.

रायवंताबाई फुटलेल्या काँक्रीटचे तुकडे अजून हाताने बाजूला करत होती.

"साहेब," ती म्हणाली, "सारा मुलूख तिले रोज सांगून राहिला होता, घरी जा, घरी जा. खांबात तं थे नव्हती. मंग घरी काऊन नाई आली?"

याचं उत्तर तिला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

मी तिला जीपमध्ये घालून ठाण्यात नेलं. तिथले अधिकारी सभ्य होते. चहा मागवला, तिचं म्हणणं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मुनशीचं नाव काय? गाव कोणतं?" रायवंताबाईला माहीत नव्हतं. सगळे त्याला मुनशीजी म्हणायचे. मी परत येऊन गावात विचारलं, म्हाताऱ्या मजुरांना विचारलं. कचेरीत त्या कामाची जुनी फाइल शोधली, ती सापडली नाही. इमला कोणत्या हाताने घमेलं धरते, पावसात दिसते की नाही, तिचे पाय उलटे आहेत की सुलटे, हे सगळं लोकांना ठाऊक होतं. तिच्याशेजारी रोज उभं राहून हजेरी घेणाऱ्या माणसाचं नाव कोणालाच आठवेना. चौकशी तिथेच संपली.

नव्या पुलावरून आता लोक काही न म्हणता जातात. रायवंताबाई माझी बदली होण्याआधीच्या उन्हाळ्यात वारली. तिने ते बारदान अखेरपर्यंत ठेवलं होतं, असं ड्रायव्हरने सांगितलं.

पुढच्या नोकरीत आणखी दोन-तीन झपाटलेले पूल माझ्या वाट्याला आले. मी कोणाला भुताबद्दल विचारलं नाही. पूल कोणी बांधला आणि कामावर मुनशी कोण होता, तेवढं विचारायचो. भुताचं नाव प्रत्येक ठिकाणी लोक लगेच सांगायचे. मुनशीचं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.